बहुधंदी पास

कल्याण स्टेशनच्या पुलावर टीसी एखाद्याला हाताने अडवतो आणि विचारतो, "पास?" समोरचा चालता चालता, मानही न वळवता सांगतो, "पास." संवाद संपला. पहिल्या पासात कायदा आहे, संशय आहे आणि दंडाची पावती आहे. दुसऱ्या पासात पुरावा, थोडी गुर्मी आणि गाडी सुटायची भीती आहे. मुरलेला टीसी या दुसऱ्या पासाचा सूर ओळखतो. खऱ्या पासवाल्याच्या आवाजात त्रासिकपणा असतो, खोट्याच्या आवाजात नम्रता. टीसी नम्र माणसाला थांबवतो.

या संवादातला जो नायक आहे तो मूळचा इंग्रज. पण ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात त्याने इतक्या पिढ्या काढल्या आहेत की त्याला परका म्हणवत नाही. दोन अक्षरांचा, अंगाने किरकोळ, जोडाक्षराचा त्रास नाही, उच्चाराचा नखरा नाही. सामान्यरूपसुद्धा त्याने इथल्या रीतीने करून घेतलं: पासाची मुदत, पासावरचा नंबर, पासाला लावलेलं कव्हर. धंदे मात्र एकाच वेळी इतके करतो की नक्की नोकरीला कुठे आहे ते कळत नाही. सकाळी रेल्वेत, अकराला महापालिकेत, दुपारी बँकेत, संध्याकाळी शाळेच्या निकालावर आणि रात्री पत्त्यांच्या डावात. प्रत्येक ठिकाणी त्याच्या सोबतीला क्रियापद वेगळं. पास काढतात, पास होतात, पास करतात, पास देतात, पास म्हणतात.

त्याची मुख्य नोकरी अर्थातच रेल्वेतली. गंमत अशी की तिथे कागदोपत्री तो या नावाने नाहीच. आपण ज्याला पास म्हणतो त्याला रेल्वे सीझन तिकीट म्हणते. रेल्वेच्या लेखी पास म्हणजे कर्मचाऱ्याला मिळणारा फुकट प्रवासाचा हक्क. ठाकुर्लीच्या बारा बंगल्यात किंवा डोंबिवलीच्या बावन्न चाळीत, म्हणजे रेल्वेच्या वसाहतीत, वाढलेल्याला हा फरक पाळण्यात असल्यापासून माहीत. त्याच्या घरी "यंदा पासावर काशी करून आलो" असं वाक्य सहज बोललं जातं आणि पास संपले की पीटीओ असतो, त्यावर तिकिटाचा तिसरा हिस्सा भरून जाता येतं. शेजारच्या सोसायटीत तोच शब्द पैसे मोजून येतो. मधे फक्त कुंपणाची भिंत, पण अलीकडचा पास आणि पलीकडचा पास यांचा आपसात काही संबंध नाही.

पैसे मोजून येणारा हा पास तसा स्वस्त गडी. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत साधारण १५ एकेरी फेऱ्यांइतकी धरलेली असते. महिन्यात २५ दिवस कामावर जाणारा माणूस ५० फेऱ्या करतो, म्हणजे ३५ फेऱ्या पास त्याला पदरमोड करून घडवतो. तीन महिन्यांचा काढला तर मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात. मध्यमवर्गाचा अर्धा हिशेब या ०.३ मध्ये असतो. जून २०१४ मध्ये नव्या केंद्र सरकारने भाडेवाढ केली तेव्हा या १५ चे ३० करायचं जाहीर झालं. म्हणजे पास एकदम किमान दुप्पट. चार दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. ज्या गावाने खड्डे, भारनियमन, पाण्याची बोंब आणि कचऱ्याची आग सगळं गिळलं त्याला पासाची किंमत गिळता येत नाही, हे दिल्लीला त्या आठवड्यात समजलं असावं.

त्याचं राहणीमानही बघण्यासारखं. प्लास्टिकचं दोन घडींचं कव्हर, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला रेल्वेचं ओळखपत्र. ओळखपत्राचा नंबर पासावर नसेल किंवा ओळखपत्र घरी राहिलं असेल तर पास असूनही माणूस विनातिकीट ठरतो. कव्हरवर कुठल्या तरी नगरसेवकाचा हसरा फोटो किंवा क्लासची जाहिरात. आत, पासाच्या मागे, साईबाबा किंवा टिटवाळ्याचा गणपती, पन्नासची घडी घातलेली नोट, शिंप्याची पावती. पाकीट मारलं गेलं की लोक आधी पैशांबद्दल हळहळत नाहीत. "पास होता रे त्यात, परवाच काढला होता." दुसरी प्रत मिळत नाही, म्हणून.

नाट्यगृहात गेलं की मात्र याच माणसाचा पासाबद्दलचा विचार उलटा होतो. जो रेल्वेला दर महिन्याला न चुकता पैसे भरतो तोच गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर, नाही तर सावित्रीबाई फुले कलामंदिरात कार्यक्रम लागला की ओळखीच्याला विचारतो, "पास आहेत का दोन?" इथला पास फुकटच असला पाहिजे. आयोजक त्याला प्रवेशिका म्हणतात. प्रवेशिका म्हटलं की लोकांना ती विकत घ्यावी लागेल अशी भीती वाटते, म्हणून कुणी ते नाव तोंडात येऊ देत नाही.

तसं पाहिलं तर या किनाऱ्यावर पासाची जात जुनी आहे, नाव तेवढं नवं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कोकण किनाऱ्यावरच्या जहाजांना कार्ताझ घ्यायला लावला. तो कागद जवळ नसलेलं गलबत दिसलं की ते आपलं समजायचं, असा त्यांचा सरळ व्यवहार. कल्याणची खाडी काय, ठाण्याची खाडी काय, तेव्हा हीच इथली लोहमार्गाची जागा. पुढे कान्होजी आंग्र्यांनी उलटा डाव टाकला आणि स्वतःचं दस्तक काढलं: आमच्या समुद्रातून जाता, तर आमचा कागद घ्या. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं ते यासाठीच. दस्तक, परवाना, राहदारी हे पासाचे इथले पूर्वज. फारसी, दरबारी, मिशाळ. त्यांच्यापुढे पास म्हणजे बिनमिशीचा कारकून. पण टिकला तोच. परवाना आता बंदुकीला आणि दारूच्या दुकानाला उरला, दस्तक दस्तऐवजांच्या खोलीत गेलं.

टिकण्याचं एक कारण घरगुती आहे. मराठीत एक पास आधीपासून राहत होता, संस्कृतातल्या पार्श्वाचा वंशज: जवळपास, आसपास, पासून, पाशी. इंग्रज पास आला तेव्हा कानाला घर ओळखीचं निघालं. डोंबिवली ते ठाणे पास काढला, दहा तारखेपासून दहा तारखेपर्यंत, या वाक्यात दोघे शेजारी बसतात आणि त्यांचं नातं नाही हे सांगावं लागतं.

मग मराठीने त्याला घरकामाला जुंपलं. फारसीतला 'ना' त्याच्या पुढे लावला आणि नापास तयार केला. इंग्रजांकडे फेल होता, आपल्याकडे अनुत्तीर्ण होता, तरी पोरं नापासच होत राहिली. उत्तीर्ण शब्दाचा अर्थ तरून गेलेला असा आहे, सुंदर आहे, पण तो गुणपत्रिकेवरून खाली उतरला नाही. पेढ्यांचा पुडा हातात घेऊन कुणी शेजारच्या काकूंना "मी उत्तीर्ण झालो" असं सांगितलेलं ऐकिवात नाही. शंभरात पस्तीस मिळाले की काठावर पास. तेवढेही नसले आणि शाळेने वर्ग चढवून दिला तर ढकलपास. हा शेवटचा शब्द ज्या अज्ञात मास्तराने किंवा पोराने घडवला त्याचा डोंबिवलीत चौकात पुतळा हवा. सकाळी साडेआठला फलाटावर उभा राहिलेला कुठलाही माणूस स्वतःच्या ताकदीवर डब्यात चढत नाही. मागचे त्याला चढवतात. पदवीधर असो, चार्टर्ड अकाउंटंट असो, सगळे ढकलपास. शासनाने आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण आणलं, मग २०२३ पासून पाचवीला आणि आठवीला पुन्हा परीक्षा लावली. ढकलपास म्हणणाऱ्यांनी मधल्या काळातही शब्द जपून ठेवला होता.

आतापर्यंतचा पास मला आवडतो. महापालिकेतला आवडत नाही.

तिथे तो ठराव पास करतो, बजेट पास करतो, बिल पास करतो. सरकारी मराठीत यांच्यासाठी संमत, मंजूर, पारित असे तीन नीटनेटके कारकून बसवलेले आहेत, पण सही झाली का हे विचारताना माणूस पासच म्हणतो. आणि तो प्लॅनही पास करतो. कल्याण-डोंबिवलीत घर घेताना चटईक्षेत्र, दिशा, पाणी या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो: "प्लॅन पास आहे ना?" बिल्डर म्हणतो, "पास आहे." पुलावरच्या टीसीसारखा इथे आवाज ओळखणारा कुणी नसतो, आणि इथला नम्र माणूस सगळ्यात धोक्याचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या ६५ बेकायदा इमारती तीन महिन्यांत पाडायचा आदेश दिला. महापालिकेच्या परवानगीची बनावट कागदपत्रं करून त्यांच्यावर राज्याच्या गृहनिर्माण नियामकाची, म्हणजे महारेराची, नोंदणी मिळवलेली होती. म्हणजे एका खोट्या पासावर दुसरा खरा पास निघाला होता. त्या खऱ्यावर विसंबून माणसांनी आयुष्याची पुंजी ओतली, घरांत संसार मांडले. ज्याने आयुष्यभर दर महिन्याला पास काढला, मुदत संपायच्या आत नवा केला, एकदाही विनातिकीट गाडीत चढला नाही, अशा माणसाला सांगितलं गेलं की तुझं घर विनातिकीट आहे.

पासाचा खरा स्वभाव इथे कळतो. त्याला स्वतःचं मत नाही. कुणाला पुढे सोडायचं हे तो ठरवत नाही, दुसरा कुणीतरी ठरवतो आणि तो फक्त त्या निर्णयाचा कागद होतो. कागद करणारा खरा असला तर पास खरा. एरवी त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही.

हा स्वभाव सगळ्या जिल्ह्याने एकदा एकत्र अनुभवला. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या. खिशातले पास खिशातच मुदत संपून गेले. मग दुसऱ्या जिल्ह्यात जायला पोलिसांचा ई-पास आला. कल्याणच्या माणसाला स्वतःच्या गाडीने नाशिकला, साताऱ्याला, सिंधुदुर्गाला जायचं तर कारण लिहा, आधार जोडा, वैद्यकीय दाखला जोडा. आंग्र्यांच्या दस्तकाचा पणतू, फक्त मोबाइलवर आलेला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात रोज एकच चर्चा, अंत्यविधीसाठी लवकर पास होतो की लग्नासाठी. जूनमध्ये लोकल सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, आणि शेजारधर्माची विलक्षण वाटणी झाली: नर्सबाई अत्यावश्यक, बँकवाले पुढे अत्यावश्यक, दुकानातला सेल्समन अनावश्यक. त्याला शीळ फाट्याच्या कोंडीतून बसने तीन-तीन तास. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना गाडीत घेतलं, पण सुरुवातीला त्यांनाही तिकीट मिळत नव्हतं. फक्त पास. एकदाच दादरला जायचं असलेल्या माणसानेही महिन्याचा पास काढायचा. स्टेशनबाहेर टेबल टाकून बसलेले पालिकेचे कर्मचारी लसीचं प्रमाणपत्र तपासून शिक्का मारत होते, तो शिक्का घेऊन खिडकीवर जायचं. लसीचा पास, त्यावर रेल्वेचा पास. डोंबिवलीच्या रांगेतला एक म्हातारा पाठच्याला म्हणाला होता, "मॅट्रिकला एवढे पेपर नव्हते." रांगेत हसू उठलं आणि मास्कमुळे कोण हसलं ते कुणाला कळलं नाही.

बाकीची छोटी कामं तो मुकाट्याने करतो. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. नोकरदारांच्या या बँकांनी त्याला पासबुकात बसवलं. पेन्शनर मंडळी अजून सकाळी "जरा पासबुक भरून येतो" म्हणून बाहेर पडतात आणि मशीन आल्यापासून त्यांचा पाऊण तास वाया गेला आहे, कारण पूर्वी त्यात काउंटरवरच्या गप्पा होत्या. आरटीओत त्याचं पासिंग होतं. गाडी कुठली हे विचारायचं तर "चार पासिंग की पाच पासिंग?" चार म्हणजे ठाणे, पाच म्हणजे कल्याण. चार पासिंगवाल्याच्या मनात पाच पासिंगवाल्याबद्दल जी किंचित दया असते तिचा उल्लेख करायला नको, पण केला.

व्याकरणात तर त्याने तिन्ही लिंगांत घर केलं आहे. तो पास, ते पासिंग, आणि ती बायपास. मात्र बायपास हृदयाची असेल तरच ती: "काकांची बायपास झाली." रस्त्याचा असेल तर तो: "मुंब्रा बायपास बंद आहे." २०१८ च्या उन्हाळ्यात तो दुरुस्तीसाठी बंद झाला तेव्हा ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्या वाटा तुंबल्या, आणि अशा कोंडीत रुग्णवाहिका अडकली की ती बायपास आणि तो बायपास एका वाक्यात येऊ शकतात.

एक अर्थ मात्र आम्ही घरात घेतला नाही. इंग्रज भूगोलात डोंगरातल्या वाटेला पास म्हणतात. कल्याणला रूळ दोन दिशांना फाटतात, एक कसाऱ्याकडून थळ घाटात, दुसरा कर्जतकडून बोरघाटात. दोन्ही त्यांच्या भाषेत पास. आमच्यासाठी घाट तो घाट. सह्याद्री ओलांडायला पासाची परवानगी लागत नाही.

आणि गाडी पास होते. कळव्याला, मुंब्र्याला, कोपरला, ठाकुर्लीला उभ्या असलेल्यांना हा अर्थ रोज अंगावर येतो. फलाटावर घोषणा होते, रुळांपासून दूर राहा, आणि जलद गाडी वाऱ्याचा लोट मारून निघून जाते. खिशातला पास त्या गाडीलाही चालतो, गाडी थांबत नाही एवढंच. दिवा स्टेशनच्या लोकांनी या पास होण्याविरुद्ध अनेक वर्षं आरडाओरडा केला. जानेवारी २०१५ मध्ये रूळ अडवले, त्यात दगडफेक आणि जाळपोळही झाली. डिसेंबर २०१६ मध्ये जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना पास होत असताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चौघांचा जीव गेला. दारातली गर्दी दुसऱ्या दिवशी तेवढीच होती, कारण पुढच्या गाडीतही आत जागा नव्हती.

एवढी कामं करून पास थकत नाही, कारण त्याचा जोडधंदा करमणुकीचा आहे. "टाइमपाऽस, टाइमपास बोलो" करत खारे शेंगदाणेवाला गर्दीतून वाट काढतो. तीळगूळ, चिक्की, आवळा सुपारी यांना नावं आहेत, शेंगदाण्याला मात्र त्याच्या कामाचं नाव मिळालं. रवी जाधवांनी २०१४ मध्ये त्याच नावाचा चित्रपट काढला आणि त्यातला दगडू दहावी नापास आहे. एका पोस्टरवर पास, आतल्या गोष्टीत नापास. तिकीटबारीवर दोघेही डिस्टिंक्शनमध्ये आले.

डब्यात खिडकीजवळ चौघांचा तीनशे चारचा डाव बसलेला असतो. गुडघ्यांवर ब्रीफकेस, तिच्यावर कालचा पेपर. इथे पास उलटा अर्थ घेऊन येतो. बाहेर सगळीकडे पास म्हणजे पुढे जा. इथे पास म्हणजे मी नाही, तू बघ. बोली सुरू होते. पहिला पानं पिळून बघतो आणि म्हणतो, "पास." दुसरा खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर बघत, "पास." तिसऱ्याच्या खांद्यावर उभ्यांपैकी कुणाची तरी बॅग आहे, रॅकवर जायची आहे, तो ती एका हाताने वर पास करतो आणि तोंडाने म्हणतो, "पास." चौथा नवा, गेल्या आठवड्यात परतीच्या गाडीत या गटात आलेला. त्याच्याकडे गुलाम, म्हणजे या डावातलं सगळ्यात मोठं पान, आहे हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे.

"बोला की राव," मागे उभा असलेला, ज्याचा डावाशी काही संबंध नाही असा एक जण म्हणतो, "तिघं पास झाले, आता तुमचीच परीक्षा."